मुंबईतल्या खुनाच्या खटल्यावर कादंबरी लिहितोय, सरकारी वकील ज्युरीपुढे भाषण करताना दाखवला तर चालेल का?

नाही, कथा आजची असेल तर ज्युरी काढून टाका. खुनाचा खटला सत्र न्यायालयात एकटे न्यायाधीश चालवतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून ज्युरीला जागाच उरली नाही. टाळ्याखाऊ भाषणापेक्षा तुमच्या वकिलाला खरी धास्ती द्या: पिंजऱ्यातला पंच, म्हणजे पोलिसांनी जप्तीच्या वेळी बोलावलेला साक्षीदार, म्हणतो, "सही माझी, पण चाकू माझ्यासमोर जप्त झाला नाही." झाला फितूर! आता कोर्टाची परवानगी काढून आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची. कथानक १९५९ च्या सुमाराचं असेल तर मात्र ज्युरी खुशाल ठेवा. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला होता. न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं, ते वेगळं.