रंग राहू दे, आधी पत्रा धर

आयटीआयला पेंटर जनरल घेतलंस, बरं केलंस. दोन वर्षांचा ट्रेड आहे, तेव्हा सुरुवातीला रंगाचा डबा हाती आला नाही म्हणून कुरकुरू नकोस. हात बसतो तो पुट्टीवर. पत्रा, म्हणजे पुट्टी ओढायची पातळ पट्टी, किती तिरका धरायचा हे सांगून कळत नाही. रेघ उठली की पत्र्याच्या कोपऱ्यावर जोर पडला समज.

आपल्या कोकणातली भिंत ओल लवकर सोडत नाही. नवं प्लास्टर निदान 28 दिवस सुकू दे, तेही पावसाळ्याचे धरू नकोस. गुहागरला मी एकदा गणपतीच्या घाईत जांभ्याच्या घराला पुट्टी ओढली. शिमग्याला मालकांनी बोलावून दाखवलं: खाली हातभर फुगवटे, नखाने उचकटलं की मागे मिठासारखी पांढरी भुकटी. पदरचे पैसे घालून सगळं खरवडलं.

जुन्या खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा घासू नकोस. रंगातल्या विषारी शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 मध्ये, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, पाणी मारत घास. मास्क चांगला घे. आम्ही रुमाल बांधायचो, आता खोकतोय.

आणि खिडक्या-दारांचा दर भिंतीत धरू नकोस, वेगळा सांग.