पहिला ऑपेरा स्कोअर (ऑपेराच्या संगीताची छापील स्वरलिपी) घेतोयस? मग हे बघ
अरे, स्वस्तातली जुनी छपाई नको घेऊस, संगीतकार बिझेच्या 'कार्मेन' ऑपेराची संशोधित आवृत्ती (संपादकाने हस्तलिखित आणि जुनी छपाई ताडून केलेली) घे आणि आधी मागच्या टिपा उघड. बिझे १८७५ मध्ये प्रीमियरनंतर तीनच महिन्यांत गेला, मग व्हिएन्नातल्या प्रयोगासाठी त्याचा मित्र, संगीतकार गिरो याने बोलायचे संवाद काढून गायचे रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखे गायलेले संवाद) घातले आणि कित्येक वर्षं जगभर तेच चालत राहिलं. टिपांमध्ये हस्तलिखितात काय, छापलेल्यात काय, बासरीचा स्लर (सूर जोडून वाजवायची खूण) कुठल्या सुरापर्यंत, सगळं बार नंबर (स्वरलिपीतल्या उभ्या रेघांमधल्या भागांचे क्रमांक) टाकून दिलेलं असतं, वाचायला बसलास की वेळ कुठे जातो कळत नाही खरंच! पण संपादकाचंही डोळे झाकून मानू नकोस, फ्रिट्झ ओझरच्या १९६४ च्या आवृत्तीत बिझेने स्वतःच काढलेल्या जागा परत घातल्यात, त्यावरून जाम वाद झालेत. माझ्या मते बिझेचंच बरोबर होतं. महाग वाटलं तर लायब्ररीत बघ, पण नुसत्या व्होकल स्कोअरवर (त्यात गाणं आणि पियानोच असतो) भागवू नकोस, ऑर्केस्ट्रा दिसलाच पाहिजे.