घरात रिसीव्हर असताना ८५,००० रुपयांचा स्टिरिओ अँप्लिफायर घ्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांपूर्वी घेतलेला ५.१ चॅनलचा, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जातला आवाज देणारा एक सबवूफर जोडता येणारा होम थिएटर रिसीव्हर व्यवस्थित चालू आहे. चित्रपट आता क्वचितच पाहिले जातात, मात्र रोज रात्री तासभर शास्त्रीय गायन पुढच्या दोन स्पीकरवर आणि सबवूफरवर ऐकले जाते. त्यात तानपुरा विरून गेल्यासारखा वाटतो, म्हणून केवळ संगीतासाठी ८५,००० रुपयांचा, दोनच स्पीकर चालवणारा स्वतंत्र स्टिरिओ अँप्लिफायर बारा महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. हाती येणारा पगार ९५,००० रुपये, गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ७०,००० रुपये, एसआयपी १०,००० रुपये आणि अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम १,४०,००० रुपये, असा आपला हिशेब आहे.

माझ्या मते ही खरेदी आज करू नये. रोज तासभर मन लावून गाणे ऐकणाऱ्या माणसाने त्यासाठी पैसे खर्च करण्यात गैर काहीच नाही, आणि मी या खर्चाला उधळपट्टी मानत नाही. परंतु आपल्याकडची गंगाजळी जेमतेम दोन महिन्यांची आहे. ती किमान सहा महिन्यांची, म्हणजे ४,२०,००० रुपयांची असावी. दरमहा शिल्लक राहणारे १५,००० रुपये सगळे तिकडे वळवले तर उरलेले २,८०,००० रुपये एकोणीस महिन्यांत जमतील. त्यातून दरमहा सुमारे ७,०८० रुपयांचा हप्ता गेला तर त्याच कामाला दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. नोकरी किंवा प्रकृती यांपैकी काहीही बिघडले तरी गृहकर्जाचा हप्ता चुकणार नाही, ही खात्री आपल्याला तितकी उशिरा मिळेल.

‘नो-कॉस्ट’ या शब्दाबद्दलही सांगायला हवे. क्रेडिट कार्डावरील शून्य टक्के योजनांमध्ये व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडूनच वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवले होते. आजच्या योजनांमध्ये विक्रेता व्याजाइतकी सूट देतो, पण बँकेच्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो. व्याजदर १६ टक्के धरला तर ही रक्कम सुमारे बाराशे रुपये होते. प्रक्रिया शुल्क त्याशिवाय. रोखीने घेतल्यास दुकानदार किती कमी करील, हे विचारल्याशिवाय हप्त्यांचा खरा खर्च कळत नाही.

आता यंत्राकडे वळू. आपला रिसीव्हर दोन चॅनल चालू असताना प्रत्येकी ८० वॅट देतो आणि नवा अँप्लिफायर १०० वॅट देईल, असे आपण लिहिले आहे. हा फरक ऐकताना एक डेसिबलइतकाच असतो, कारण तीन डेसिबल वाढवायलाच शक्ती दुप्पट लागते. पाचही चॅनल एकदम चालले की एकाच पॉवर सप्लायवर भार पडून रिसीव्हरची शक्ती घटते, हे खरे आहे, परंतु आपण दोनच स्पीकर चालवता. आपल्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ऐकू येणारा आवाज, ८७ डेसिबल आहे. मध्यम आकाराच्या खोलीत नेहमीच्या आवाजात गाणे ऐकताना अशा स्पीकरना सरासरी एक-दोन वॅट पुरतात.

मग तानपुरा का हरवतो? माझा संशय सेटिंगवर आहे. गायकाचा षड्ज काळी एकमध्ये असेल तर खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ येते, आणि बहुतेक रिसीव्हर ८० हर्ट्झच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळवतात. म्हणजे खर्जाचा पाया एका डब्यातून आणि वरचे स्वर दुसऱ्या डब्यातून येतात. सबवूफर चुकीच्या कोपऱ्यात असेल, त्याची पातळी चित्रपटांसाठी वाढवलेली असेल किंवा फेज उलट असेल, म्हणजे त्याची कंपने स्पीकरच्या उलट दिशेने होत असतील, तर तानपुरा एकसंध ऐकू येणारच नाही. रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन बसण्याच्या जागी ठेवून रिसीव्हरकडून स्पीकरची आपोआप मोजणी पुन्हा करून घ्यावी, आवाजाचे चढ-उतार सपाट करणारी ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’सारखी सोय बंद करावी आणि ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ऐवजी साधा ‘स्टिरिओ’ निवडावा. आवाजावरची प्रक्रिया टाळणारे ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ही लावून पाहावे, पण काही यंत्रांत त्यामुळे सबवूफर पूर्ण बंद होतो, हे ध्यानात ठेवावे. स्पीकर टीव्हीच्या कपाटात कोंबलेले आहेत, असे आपल्या छायाचित्रावरून दिसते. ते स्टँडवर, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कानाच्या उंचीवर ठेवावेत आणि समोर जाड सतरंजी अंथरावी. हे सगळे चार-पाच हजार रुपयांत होईल, आणि मला वाटते की आपल्याला हवा असलेला बदल बराचसा इथेच मिळेल.

एवढे केल्यावर महिनाभर ऐकावे. तरीही समाधान झाले नाही, तर ओळखीच्या दुकानदाराकडून तो अँप्लिफायर दोन दिवस घरी आणून आपल्याच स्पीकरवर ऐकावा. तुलना करताना दोन्ही यंत्रांचा आवाज मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांपाशी मोजून समान करावा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक सरस वाटतो. कोणते यंत्र चालू आहे, हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्यावे.

या चाचणीत फरक पुनःपुन्हा ओळखता आला, तर माझा आक्षेप फक्त वेळेपुरता उरेल. स्टिरिओ अँप्लिफायर एचडीएमआयच्या, म्हणजे टीव्ही जोडण्याच्या केबलच्या, बदलत्या आवृत्त्यांमुळे जुना ठरत नाही, ही त्याची जमेची बाजू मी मान्य करतो. मात्र फरक ओळखता आला नाही आणि तरीही काही घ्यावेसे वाटले, तर तेच पैसे चांगल्या स्पीकरकडे वळवावेत, कारण दोन स्पीकरच्या आवाजातला फरक दोन सुस्थितीतल्या अँप्लिफायरमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. गंगाजळी पूर्ण झाल्यानंतर हेच दरमहाचे १५,००० रुपये सहा महिने वेगळ्या खात्यात टाकले की ९०,००० रुपये जमतात. तेव्हा रोख पैसे घेऊन दुकानात जावे, आणि घासाघीस करण्यापूर्वी विक्रीनंतरची दुरुस्ती आपल्या शहरात होते का, हे विचारून घ्यावे.