अमेरिकी नेत्यांची पत्रे : सही कोणाची?

प्रश्न : जॉन केनेडी यांचे १९५९ सालचे, सिनेटच्या लेटरहेडवर टाइप केलेले पत्र मला जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाले. खाली निळ्या शाईची सही आहे. भिंगातून पाहिले, छापील नक्की नाही. मग ती त्यांचीच ना? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : शाई खरी आहे, एवढेच ठरले. केनेडींची सही करणारे तिघे होते: ते स्वतः, त्यांचे सचिव आणि ऑटोपेन. हे यंत्र सहीच्या ठरलेल्या साच्यावरून पेन फिरवते. त्याच्या पकडीत फाउंटन पेनही बसते, बॉलपेनही. त्यामुळे पेनवरून काही कळत नाही.

दहापट भिंग घ्या आणि टेबल लॅम्प पत्राच्या बाजूला खाली ठेवून तिरपा प्रकाश पाडा. माणूस सही करताना पेन चालतेच ठेवून कागदाला टेकवतो आणि उचलतो. म्हणून सुरुवात आणि शेवट निमुळते होतात, खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी बारीक होते. यंत्र पेन सरळ खाली सोडते आणि सरळ वर उचलते. दोन्ही टोकांना शाईचा टिपका राहतो, मधली रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची असते आणि वळणावर बारीकशी थरथर दिसते.

पक्का पुरावा मात्र जुळवणीचा. ऑटोपेनने केलेल्या त्यांच्या सह्यांचे नमुने अभ्यासकांनी छापले आहेत. तुमची सही मूळ मापात पारदर्शक फिल्मवर उतरवा आणि त्या नमुन्यांवर ठेवा. तंतोतंत बसली तर यंत्राची, कारण कोणाच्याही हातून दोन सह्या रेघेला रेघ जुळत नाहीत. पण जुळली नाही म्हणून खरी ठरत नाही. कागद हलला असेल, साचा वेगळा असेल, किंवा सही सचिवाची असेल. सचिवाची सही ओळखणे सर्वांत अवघड, कारण केनेडींची स्वतःची सहीच दर वेळी बदलायची.

अशा वेळी मजकुराकडे पाहावे. ‘आपल्या पत्राबद्दल आभार’ छापाच्या उत्तरावर नेत्याने स्वतः सही केली असण्याची शक्यता कमीच. समासात हाताने लिहिलेली ओळ, टाइप केलेले ‘मिस्टर अमुक’ खोडून वर लिहिलेले पहिले नाव, अशी खूण असेल तर पत्र नेत्यासमोर गेले होते असे मानायला जागा आहे. पाकीट असेल तर टाकू नका. त्यावरची तारीख आणि पत्ता पत्राशी जुळणे हा मोठा आधार असतो.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत लिंकन यांचे फ्रेम केलेले पत्र आहे, युद्धात मुलगे गमावलेल्या मिसेस बिक्स्बींना लिहिलेले. कागद पिवळा पडला आहे. (नागपूर)

उत्तर : फ्रेमपेक्षा जास्त खर्च करू नका. २१ नोव्हेंबर १८६४ तारखेच्या या पत्राची मूळ प्रत आजवर सापडलेली नाही. मात्र त्याच्या शिळाछापाच्या प्रती १८९१ पासून विकल्या जात आहेत आणि घरोघरी भिंतींवर लागल्या आहेत. कागद जुना दिसतो, कारण तोही आता खरोखरच जुना झाला आहे.

खात्री करायची असेल तर दोन रेघा एकमेकींना छेदतात ती जागा भिंगातून पाहा. हाताच्या लिखाणात तिथे शाई दुहेरी होऊन गडद दिसते, छपाईत एकसारखी सपाट. लिंकन यांच्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती काळाने तपकिरी होते, कागदात मुरते आणि बऱ्याचदा मागच्या बाजूला उमटते. पाण्याचे बोट लावून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शाई खरी निघाली तर पत्र खराब होईल.

एक खूण लक्षात ठेवा: लिंकन खासगी पत्रांवर ‘ए. लिंकन’ अशी सही करत, पूर्ण नाव नेमणूकपत्रांसारख्या सरकारी कागदांवर. पूर्ण नावाच्या सहीचे घरगुती पत्र कोणी विकायला आणले तर आधी शंकाच घ्यावी.

प्रश्न : अँड्र्यू जॅक्सन यांच्या सहीचा १८३५ सालचा जमिनीचा पट्टा घ्यावा का? (पुणे)

उत्तर : सहीसाठी घेत असाल तर नको. १८३३ च्या कायद्याने अशा पट्ट्यांवर अध्यक्षांच्या नावाने सही करायला सचिव नेमण्याची मुभा मिळाली. नाव जॅक्सन यांचे असले तरी हात सचिवाचा. बहुधा खाली त्याचे स्वतःचे नावही सापडेल. दुकानदार तेवढे सांगत नाहीत.

प्रश्न : पत्रे रत्नागिरीत ठेवायची आहेत. लॅमिनेट करावी का?

उत्तर : मुळीच नाही. उष्णता आणि गोंद यांनी झालेले नुकसान परत भरून येत नाही. पीव्हीसीचे चकचकीत फोल्डरही नकोत. ते कालांतराने शाईला चिकटतात. पॉलिएस्टर फिल्मचे, एक-दोन बाजू उघडे असलेले पाकीट घ्या. टाचण्या आणि क्लिपा आधी काढा, गंज कागदात उतरतो. कागदासाठी ३५ ते ५० टक्के आर्द्रता ठीक. कोकणात पावसाळ्यात ती ८०च्या वर जाते, आणि ६५ ओलांडली की बुरशीला वाव मिळतो. म्हणून घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की वाळवून परत घाला. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि कसर लागली आहे का ते अधूनमधून उघडून पाहा. भिंतीवर लावायला रंगीत झेरॉक्स पुरते.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ जुने पत्र भारतात आणणार आहे. पुढे ते तिकडे विकता येईल का? (ठाणे)

उत्तर : ७५ वर्षांपेक्षा जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतो आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पुढेमागे विकण्याचा विचार असेल तर ते भावाकडेच राहू द्या. आणि विकत घेतल्याची पावती, आधीच्या मालकाचे नाव आणि खरेदीची तारीख असलेली, पत्रासोबत जपा. ग्रंथालये आणि संग्रहालयांतून चोरलेली पत्रे बाजारात येतात. अशा पत्राचे पैसे मोजले तरी मालकी तुमची होत नाही, ते परत करावे लागते.