स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगची ‘सक्रिय कल्पना’ ही पद्धत, म्हणजे मनातल्या चित्रांशी जागेपणी संवाद, स्वतः करून पाहायची असेल तर नेमकी सुरुवात कशी करावी?

ताज्या स्वप्नातलं एखादं अर्धवट राहिलेलं चित्र घ्या: बंद दार, अनोळखी बाई, काहीही. स्वप्न आठवत नसेल तर सध्याचा मूड चालेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून वीसेक मिनिटं बसा. चित्र मनात धरा आणि ते आपोआप हलेपर्यंत थांबा. पहिल्या काही बैठकांत बहुधा काहीच होत नाही.

ते हललं की त्यात उतरा. बाईला विचारा, ‘तुला काय हवंय?’ उत्तर लगेच हाताने लिहा. न पटल्यास तसं सांगा, वाद घाला. नुसतं बघत राहिलात तर ते दिवास्वप्न होतं, आणि उत्तरं तुम्हीच रचू लागलात तर कथालेखन. बहुतेकांचं इथेच बिनसतं. (ओळखीच्या जिवंत माणसांशी असा संवाद करू नका, त्यांच्याविषयीचे ग्रह उगाच पक्के होतात.)

शब्द सुचत नसतील तर रंग किंवा माती घ्या. चित्र ‘छान’ करायचा मोह झाला की डाव्या हाताने काढा, डावखुरे असाल तर उजव्या.

नंतर अर्धा तास झाडांमधून चाला, पायाखालच्या जमिनीकडे लक्ष देत. स्वतः युंग १९२३ पासून स्वित्झर्लंडमधल्या बोलिंगेनला तलावाकाठी घर बांधत होता, दगड कोरत होता. त्यातही असंच जमिनीवर येणं होतं.

भास होत असतील, आपण शरीराबाहेर असल्यासारखं वाटत असेल किंवा आघात ताजा असेल, तर हे एकट्याने मुळीच करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.