प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : उतरायचं कुठे आणि कधीपासून

प्रश्न : अटल सेतूवर गाडी १०० ने चालते आणि चढ-उताराच्या रॅम्पवर मर्यादा एकदम ४०. उलव्याला उतरताना ४० पाळलं की मागचे हॉर्न मारून जीव नकोसा करतात. एवढं हळू जाणं खरंच गरजेचं आहे, की ही नुसती कागदी खबरदारी? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : हॉर्न मारणाऱ्याला मारू द्या. रॅम्पचं वळण किती वेगाला झेपेल याचं गणित ठरलेलं असतं. वेगाचा (किमी/तास) वर्ग घ्यायचा आणि त्याला १२७ गुणिले 'रस्त्याची उचल अधिक टायरचं घर्षण' याने भागायचं, म्हणजे मीटरमध्ये त्रिज्या मिळते. आपल्याकडे सपाट भागात बाहेरची कड जास्तीत जास्त ७ टक्के उचलतात आणि घर्षण ०.१५ धरतात. या हिशेबाने ४० साठी सुमारे ५७ मीटर त्रिज्या पुरते, ६० साठी १२९ मीटर लागते. वेग दीडपट झाला की जागा सव्वादोनपट लागते. शहराला खेटून असलेल्या इंटरचेंजवर, म्हणजे मोठ्या रस्त्यावर चढायच्या-उतरायच्या जागी, तेवढी जमीन सहसा मिळत नाही, म्हणून वळण आवळून घेतात आणि फलकावरचा आकडा खाली आणतात.

हे ०.१५ घर्षण मुद्दाम कमी धरलेलं असतं. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची कार त्याच वळणावर ५५ ने गेली तरी बहुधा काही होत नाही. खरी पंचाईत इथेच आहे. चार वेळा काही झालं नाही की माणूस ४० ला थट्टा समजू लागतो. पाचव्या वेळी पहिल्या पावसाने तेलकट झालेला रस्ता असतो, किंवा डंपरमधून सांडलेली खडी वळणाच्या कडेला साचलेली असते. काठोकाठ भरलेल्या टाकीतून डिझेल सांडतं तेही बहुतेक वळणावरच.

आता ब्रेक कुठे मारायचा ते. १०० वरून ४० वर येताना गाडीतली ८४ टक्के गतिज ऊर्जा संपवावी लागते. आत बसलेल्यांना झटका न देता हे करायचं तर साधारण १६० ते २१५ मीटर लागतात. त्यासाठीच मुख्य रस्त्याला लागून उतरण्याची वेगळी लेन काढलेली असते. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात : मुख्य लेनमध्येच वेग कमी करून मागच्याला गोत्यात आणतात, नाहीतर उतरण्याची लेन त्याच वेगात संपवून वळणात ब्रेक दाबतात. दुसरी चूक जास्त वाईट. टायरची पकड एकच असते. तिच्यातली बरीचशी ब्रेकने खाल्ली की वळायला थोडीच उरते आणि गाडी बाहेरच्या कठड्याकडे सरकते. म्हणून इंडिकेटर आधी द्या, पूर्ण लेन बदला, मग सरळ भागातच वेग उतरवा. गिअरची गाडी असेल तर वळणाआधी तिसऱ्यावर या आणि वळणात अॅक्सिलरेटर हलका, एकसारखा ठेवा. वेग मात्र काट्यावर बघा, अंदाजाने ठरवू नका. दहा मिनिटं १०० ने आल्यावर ६५ सुद्धा बैलगाडीसारखे वाटतात.

नवी मुंबईकरांसाठी एक जास्तीची सूचना, कारण न्हावा-शेव्याचे कंटेनर तुमच्याच रस्त्यांवर असतात. कार बहुतेक वेळा आधी घसरते. भरलेला ट्रेलर उंच असतो, तो घसरण्याआधी कलंडू शकतो. वर सांगितलेल्या ५७ मीटरच्या वळणावर भरलेला, उंच माल असलेला ट्रेलर ५५ ते ६० च्या दरम्यानच उलटू शकतो. आत माल सैल असेल किंवा टँकर अर्धा भरलेला असेल तर त्याहून कमी वेगात. त्यामुळे रॅम्पवर त्याच्या बाहेरच्या बाजूला राहू नका. आतल्या बाजूलाही शिरू नका, कारण वळताना ट्रेलरची मागची चाकं आत ओढली जातात. मागे राहा, अंतर ठेवून.

प्रश्न : घोडबंदर रोडला मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे ओळीने पूल आहेत. मला पातलीपाड्याला उतरायचं असतं, पण मॅप बोलेपर्यंत गाडी पुलावर चढलेली असते. थोडं मागे घेतलं तर चालतं का? – एक वाचक, कासारवडवली

उत्तर : नाही. पूल चुकला तर चुकला, पुढच्या नाक्याला वळून परत या. दहा मिनिटं जातील. ८० ने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. ती चालवणाऱ्याला तुमचा मागचा पांढरा दिवा दिसून अर्थ कळेपर्यंतच दीड-दोन सेकंद गेलेले असतात. शिवाय वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालन म्हणून स्पष्ट नोंदलेलं आहे.

पूल आणि खालचा रस्ता जिथे फुटतात तिथला पट्ट्यापट्ट्यांचा त्रिकोण ही थांबून फोन बघायची जागा नव्हे. दोन्हीकडून शेवटच्या क्षणी वळणारे नेमके त्याच्यावरूनच जातात.

मॅपचंही ऐका, पण पुरतं नाही. फोनला तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली हे धड कळत नाही, कारण नकाशावर दोन्ही रस्ते एकाच रेषेत असतात. तेव्हा आधीचा नाका गेला की डावी लेन धरा आणि फलक वाचा. द्रुतगती मार्गावर याची किंमत आणखी वाढते. मुंबई-पुणे मार्गावर कोन (शेडुंग), चौक, खालापूर, कुसगाव आणि तळेगाव एवढेच इंटरचेंज आहेत. खालापूर चुकलं तर पुढचं कुसगाव घाट चढूनच येतं.

प्रश्न : हा प्रश्न रस्त्याचा नाही, तरी विचारतो. आमच्या सोसायटीच्या सचिवांनी भाडेकरू ठेवणाऱ्यांना सेवाशुल्काच्या २५ टक्के बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) लावलं आणि ग्रुपवर 'एक रुपया कमी होणार नाही' असं जाहीर केलं. नियम १० टक्क्यांचा आहे हे आता त्यांनाही कळलंय, पण माघार घेववत नाही. अशा माणसाला उतरायला रॅम्प कसा द्यावा? – एक वाचक, खारघर

उत्तर : नियम तुमच्या बाजूचा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर शुल्क लागतच नाही. पण हे ग्रुपवर टाकलंत तर सचिव भर वेगात आणि वळण समोर, अशी गत होईल. चाळीस घरांसमोर कोणी ब्रेक मारत नाही.

रॅम्प लांब हवा, आणि तो आधीपासून दिसायला हवा. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघते, तेव्हा त्याच्याही आधी आदेशाची प्रत घेऊन घरी जा. एकटे जा, चार जणांचं शिष्टमंडळ नको. सोबत ठरावाचा मसुदा न्या : 'शासन आदेशानुसार दर सुधारण्यात येत आहेत, पुढील बिलापासून लागू.' 'चुकून', 'बेकायदा' हे शब्द त्यात नकोत. सूचक म्हणून सचिवांचंच नाव राहू द्या. जास्त घेतलेली रक्कम रोख परत मागू नका, पुढच्या तीन-चार बिलांतून वळती करायला सांगा. सोसायटीच्या तिजोरीलाही ते सोसतं.

सभेत माफीची मागणी करणारा एखादा सभासद हमखास निघतो. त्याला आधीच गाठा, कारण रॅम्पच्या तोंडाशी गाडी आडवी लावणारा तोच असतो. १९६२ च्या क्युबा पेचात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी क्युबातली आपली क्षेपणास्त्रं काढायचं कबूल केलं, कारण क्युबावर हल्ला न करण्याचं अमेरिकी अध्यक्ष केनेडींचं वचन त्यांना मायदेशी दाखवता येत होतं. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं हटवण्याची कबुली तर गुपचूप दिली गेली होती. तुमच्या सचिवांना दाखवायला 'आदेशच आहे, काय करणार' एवढं वाक्य पुरे होईल.

मसुदा देताना उत्तराची तारीखही बोलून ठेवा, पंधरा दिवस ठीक. तेवढ्यात काहीच हाललं नाही तर बिलांच्या प्रती आणि आदेश जोडून आधी सोसायटीकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. ते दार उघडं आहे हे सचिवांना त्याच भेटीत, शांतपणे, एकदाच सांगा.