वही चौथ्या दिवशी का थांबते?

प्रश्न : माहेर-सासर दोन्ही मराठी, पण शाळा कन्नड माध्यमाची. रोज रात्री वही लिहायला घेते, चार दिवसांत सुटते. शुद्धलेखन कच्चं. छापून येणार नाही, तर लिहायचं तरी कशाला?
– एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, वही आळसानं थांबत नाही. 'सकाळी उठले, भाकऱ्या केल्या, शेतात गेले' असा दिवसभराचा हिशेब मांडला की चौथं पान पहिल्यासारखंच निघतं आणि हात कंटाळतो. अख्खा दिवस लिहू नका. त्यातली एकच गोष्ट उचला, दहा-बारा ओळी पुरेत. 'लावण झाली' एवढ्यावर न थांबता भाताच्या तरव्याची पेंडी सोडताना मुळांचा चिखल कसा निसटला, कंबर नेमकी कुठं भरली, बांधावरचा चहा कोमट होता की पार गार, ते लिहा. 'खूप पाऊस' होता म्हणजे कसा? रिपरिप की झोडपणारा? हे ठरवताना मन पुन्हा त्या बांधावर जातं. नेमका शब्द सापडला की जो आनंद होतो, तो छापून येण्याची वाट बघत नाही. लिहायचं ते त्यासाठी.

भाषा घरचीच ठेवा. अक्का, अण्णा, विळी, अडकित्ता हे कन्नडमधून आलेले शब्द शाळेच्या मराठी व्याकरणातही शिकवतात. तुमच्या तोंडी आणखी चार असतील, तर तेच लिहा. बदलायला गेलात की वाक्य परकं होतं.

शुद्धलेखन लिहिताना नको, दुसऱ्या दिवशी वाचताना बघा. आधी एकच नियम धरा : मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ. वही, पाटी, पेरू. 'आणि' मात्र ऱ्हस्व.

200 पानी रेघांची वही घ्या. उजव्या पानावरच लिहा, डावं पान मागाहून आठवेल त्यासाठी कोरं ठेवा. 15 मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबा, म्हणजे उद्या सुरुवात शोधावी लागत नाही. कुणाला ऐकवावंसं वाटलं, तर आधी एकटीनं मोठ्यानं वाचा. दम लागेल तिथं वाक्य तोडा. बेळगावजवळ कडोली, उचगाव, येळ्ळूर इथं गावची साहित्य संमेलनं भरतात, तिथं निदान ऐकायला तरी जाच.

प्रश्न : पावसाळ्यात वहीतली अक्षरं फुटतात. काय करावं?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : शाईच्या पेनाची बहुतेक शाई पाण्यात विरघळते, सर्दावलेल्या कागदावर ती पसरणारच. जून ते सप्टेंबर साधं बॉलपेन वापरा, त्याची शाई तेलकट असते. वही भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच चढते. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.